किराण्याची यादी आणि माणसांची यादी

वर्षाला ५९ हजार रुपये. म्हणजे महिन्याला पाच हजारसुद्धा नाहीत. शहरात राहणाऱ्या अख्ख्या कुटुंबाची कमाई एवढ्याच्या आत असेल, तरच महाराष्ट्रात ते अन्नसुरक्षा कायद्याखालचं ‘प्राधान्य कुटुंब’ ठरतं आणि त्याला महिन्याला माणशी ५ किलो धान्य मिळतं. अंधेरीत तीन घरची धुणीभांडी करणारी बाई याहून जास्त कमावते. मुलुंडच्या एखाद्या टॉवरच्या फाटकावर बारा तास उभा राहणारा वॉचमन तर नक्कीच कमावतो. सरकारी हिशोबात दोघंही भुकेची वेस ओलांडून पलीकडे गेले आहेत. खोलीचं भाडं, लाइटबिल, मुलाची फी, गावी आईच्या औषधाला पाठवायचे पैसे यांच्यासाठी त्या हिशोबात रकाना नाही.

त्यामुळे उपनगरातली भूक रस्त्यावर दिसत नाही. ती घरात असते. घराला दार असतं, आत शेगडी असते, मांडणीवर स्टीलचे डबे ओळीनं घासूनपुसून लावलेले असतात. वीस-बावीस तारखेनंतर त्यातले दोन-तीन वाजवले तर रिकामा आवाज येतो, इतकंच. आधी तूरडाळ संपते, मग तेल पिशवीच्या कोपऱ्यात जातं, मग चहा कोरा होतो. तांदूळ बहुधा शेवटपर्यंत टिकतो. ही माणसं अन्नछत्राच्या रांगेत उभी राहत नाहीत आणि भीक मागायचा तर प्रश्नच नाही. ती वाण्याकडे जाताना घरातल्या लहान पोराला पुढे करतात, कारण उधारीबद्दल वाणी पोराला फार बोलत नाही.

अशा घरांना अनोळखी माणसांनी मदत कशी करायची, हा प्रश्न मुंबईला जुनाच आहे. पण तो सगळ्या शहरासमोर एकदम उभा राहिला तो २०२० च्या मार्चमध्ये.

२५ मार्चला टाळेबंदी लागली आणि रोजंदारीवरच्या घरांचा पैसा त्याच दिवशी थांबला. पहिल्या धावपळीत जे सुचलं ते शिजवलेलं अन्न. महिनाअखेरीपर्यंत ‘खाना चाहिए’ हा नागरिकांचा उपक्रम उभा राहिला. रूबेन मस्करेन्हस आणि त्यांच्या सोबत्यांनी बंद पडलेली उपाहारगृहांची स्वयंपाकघरं पुन्हा पेटवली, पश्चिम द्रुतगती महामार्गालगत वाटपाचे मार्ग आखले आणि पुढच्या काही महिन्यांत लाखो जेवणं पोचवली. मे महिन्यात गावी निघालेल्या श्रमिकांच्या गाड्यांनाही त्यांनी जेवण पुरवलं. गुरुद्वारे, मशिदी, महापालिका, राजकीय पक्षांच्या शाखा असे सगळेच खिचडी आणि पुलावाची पाकिटं वाटत होते. राज्य सरकारची शिवभोजन थाळी त्याच वर्षी २६ जानेवारीला १० रुपयांत सुरू झाली होती. ती टाळेबंदीत ५ रुपयांवर आली.

हे काम मोठंच होतं. तरीही पंधरा दिवसांत त्याची मर्यादा कळू लागली. पहाटे शिजवलेली खिचडी एप्रिलच्या उकाड्यात दुपारपर्यंत आंबते. मधुमेही म्हाताऱ्याला दोन्ही वेळ भातच. तान्ह्या बाळाला त्यातलं काही चालत नाही. शिवाय रोज दोनदा रांग लावायची, आणि तीही अंतर राखा असं ओरडून सांगणाऱ्या शहरात. ज्यांच्याकडे शेगडी आणि गॅस होता ती माणसं सरळ सांगू लागली की जेवण नको, सामान द्या, करून खाऊ. हे मागणं साधं वाटतं, पण त्यात पुष्कळ काही होतं. काय शिजवायचं, किती तिखट करायचं, आज कुणाच्या ताटात जास्त वाढायचं, हे ठरवायचा हक्क त्या घरातल्या बाईला परत हवा होता.

मग ‘किट’ हा शब्द मुंबईच्या मराठीत कायमचा रुजला. तांदूळ, आटा, तूरडाळ, गोडेतेल, साखर, चहा, मीठ, हळद-तिखट, आंघोळीचा आणि कपड्यांचा साबण. चार-पाच माणसांना पंधरवडा काढायचा तर पिशवी बारा-पंधरा किलोंची होते. मदतीची खरी कसोटी इथे लागते. पैसे जमतात, माल मिळत नाही. वाशीचा घाऊक बाजारच त्या दिवसांत मध्येमध्ये बंद पडत होता. माल मिळाला तर टेम्पोला पास लागतो. टेम्पो आला तर तो रस्त्यापर्यंतच येतो. घाटकोपर, असल्फा, विक्रोळी पार्कसाइट इथल्या वस्त्या डोंगरउतारावर चढत गेलेल्या आहेत. तिथं पंधरा किलोंची पिशवी खांद्यावर घेऊन जिने चढायला तरुण पोरं लागतात. हायवेलगतच्या वस्तीला त्यामुळे तीन-तीन संस्थांची किट मिळायची आणि वरच्या गल्लीत कुणी फिरकायचं नाही.

एवढं जमलं तरी कुणाला द्यायचं हे उरतंच. किराण्याची यादी अर्ध्या तासात होते, माणसांची यादी करायला आठवडा लागतो. ती करतो कोण? वस्तीतला कार्यकर्ता, अंगणवाडीची ताई, बचतगटाची प्रमुख, शाळेची बाई. यादी करणाऱ्याच्या ओळखीबाहेरचा माणूस यादीबाहेर राहतो. भाडेकरू राहतो, कारण घरमालक स्वतःचं नाव देतो. कारखान्याच्या माळ्यावर झोपणारी दहा बिहारी पोरं राहतात, कारण ती ‘कुटुंब’ नाहीत. एकटी राहणारी विधवा राहते, कारण ती बोलतच नाही. टाळेबंदीत ज्यांचं काम खरोखर चांगलं झालं त्यांच्याकडे ही यादी आधीपासून होती. मालाडच्या मालवणीत अंबुजवाडी नावाची मोठी वस्ती आहे. तिथं शाळा चालवणाऱ्या एका जोडप्यानं भविष्य निर्वाह निधीतले पैसे काढून शेकडो घरांना शिधा दिला, तेव्हा त्याची बातमी देशभर झाली. बातमीत पैशांचं कौतुक जास्त होतं. पण त्या दोघांकडे पैशांहून मोलाचं काही असणार, तर ती वर्गाची हजेरीपत्रकं. कुठल्या मुलाचा बाप काय करतो आणि कुणाच्या घरी चूल थंड असेल, हे शाळेला जेवढं ठाऊक असतं तेवढं कुठल्याही कार्यालयाला नसतं.

आणि फोटो. पिशवी देणारे चार, घेणारी एक, पिशवीवर देणाऱ्याचं नाव आणि चेहरा. एप्रिल २०२० मध्ये राजस्थान सरकारनं धान्यवाटपाचे फोटो काढायलाच बंदी घातली. मुंबईत असं काही झालं नाही. इथं बॅनरचं दुकान बंद होतं, हाच काय तो आडकाठीचा भाग.

सरकारनंही त्या काळात हात सैल केला. एप्रिलपासून अन्नसुरक्षा यादीतल्यांना माणशी ५ किलो जादा धान्य फुकट मिळू लागलं. मे आणि जूनमध्ये यादीबाहेरच्या केशरी कार्डवाल्यांनाही माणशी ३ किलो गहू ८ रुपयांनी आणि २ किलो तांदूळ १२ रुपयांनी दिला गेला. काही महिन्यांपुरतं का होईना, ‘तुमचंही पोट आहे’ असं राज्यानं या मधल्या माणसांना सांगितलं. पुढे हे धान्य थांबलं आणि केशरी कार्ड पुन्हा पत्त्याचा पुरावा होऊन प्लास्टिकच्या पिशवीत गेलं.

मुळात मुंबईला रेशन मिळालं ते दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली. बंगालात त्याच वर्षी दुष्काळानं लाखो माणसं मेली. मुंबईत धान्य कार्डावर मोजून मिळालं आणि शहर तगलं. त्या रेशनच्या दुकानांतूनच पुढे १९४८ मध्ये नायगावच्या कामगारांनी सहकारी दुकान काढलं, त्याचं ‘अपना बाजार’ झालं आणि पुढे उपनगरांपर्यंत पोचलं. मराठी माणसानं स्वस्त किराण्यासाठी केलेल्या खटपटींचा इतिहास मोठा आहे आणि त्याचा बराचसा भाग उपनगरांतच घडला आहे.

१९७२ चा दुष्काळ आठवतो तो मराठवाड्याच्या आणि नगर-सोलापूरच्या भेगाळलेल्या जमिनींमुळे. त्याच वर्षी मुंबईत साखर, तेल आणि रॉकेल मिळेनासं झालं होतं. गोरेगावच्या मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी या वेगवेगळ्या पक्षांतल्या बायका महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीत एकत्र आल्या. समाजवादी, मार्क्सवादी आणि कम्युनिस्ट एका मंचावर, हा प्रकारच दुर्मीळ. ‘पाणीवाली बाई’ म्हणून गोरेगावात आधीच घरोघरी पोचलेल्या मृणालताईंनी या लढ्याला लाटणं दिलं. हजारो बायका थाळ्या बडवत, लाटणी उंचावत रस्त्यावर आल्या. त्यांनी मंत्र्यांना घेराव घातले आणि साठेबाजांच्या गोदामांवर धडका मारल्या. या बायका स्वतःसाठी भांडत होत्या तितक्याच कधी न पाहिलेल्या बायकांसाठीही भांडत होत्या. तेलाचा डबा रेशनवर आला तर तो गोरेगावात येतो तसा भांडुपलाही येतो. अनोळखी माणसाचा किराणा स्वस्त करायचा हाही एक रस्ता आहे, आणि आजच्या किट-संस्कृतीत तो जवळपास विसरला गेलाय.

दुसरा रस्ता १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायतीनं काढला. मध्यमवर्गीय, नेटका, थोडा शिस्तीचा. शेजारपाजारच्या कुटुंबांनी गट करायचा, महिन्याची यादी आगाऊ भरायची, पैसे आधी द्यायचे. संस्था घाऊक बाजारातून माल उचलणार, तो गटाच्या दारात येणार आणि सभासदांनी आळीपाळीनं स्वतः वाटून घ्यायचा. विलेपार्ल्याच्या ग्राहक भवनातून चालणाऱ्या या व्यवस्थेत आज ३० हजारांहून जास्त कुटुंबं आहेत. पार्ले, बोरिवली, मुलुंडच्या कितीतरी घरांत पंचायतीचा माल येण्याचा दिवस म्हणजे जिन्यात पिशव्यांचा ढीग, असं चित्र पिढीभर होतं. मात्र ‘पैसे आगाऊ’ ही अट ज्याला पेलते, त्याची गरज तशी कमीच असते. ज्याच्या हातात रोजचे रोज पैसे येतात तो पाव किलो डाळ आणि पाच रुपयांची तेलपुडी घेतो आणि किलोमागे सगळ्यांत महाग किराणा खातो. पंचायतीचं हे न्यून म्हणण्यापेक्षा गरिबीच्याच हिशोबाची ही गाठ आहे. कमी घेणाऱ्याला जास्त मोजावं लागतं.

गाठ सुटते ती उधारीनं, आणि आवळतेही उधारीनंच. गिरणगावात खाणावळी चालवणाऱ्या बायका गिरणीकामगारांना महिनाभर उधारीवर जेवू घालत आणि स्वतः वाण्याच्या व्याजात बुडत. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते हा फास सोडवायला. बँक ऑफ बडोदाकडून या बायकांना छोटी कर्जं मिळवून दिली, म्हणजे त्या रोखीनं माल घेऊ शकतील. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या घरातल्या कामगारांचा पगार थांबला, तेव्हा संपकऱ्यांसाठी खेड्यापाड्यांतून पोत्यांनी धान्य जमवण्याची वेळ आली. संपाचे नेते डॉ. दत्ता सामंत घाटकोपरचे. तिथल्या दगडखाण कामगारांवर उपचार करता करता ते कामगार चळवळीत आलेले. संप हरला, पण पोती पाठवणाऱ्यांनी कामगारांचे चेहरे कधी पाहिलेही नव्हते.

आजच्या उपनगरांत हेच काम कमी आवाजात, महिन्याच्या महिन्याला चालतं आणि ते बहुतेक धर्मस्थळांच्या आडोशानं. घाटकोपर-मुलुंडच्या जैन समाजात ‘साधर्मिक भक्ती’ म्हणून गरजू कुटुंबांना शिधा पोचवण्याची जुनी पद्धत आहे. देणारा कोण हे घेणाऱ्याला कळू नये, असा त्यात दंडक पाळतात. रमजानमध्ये जकातीच्या पैशांतून महिन्याचा किराणा भरला जातो. ईदच्या नमाजाआधी द्यायचा फितरा तर धान्याच्या वजनावरच ठरतो. अंधेरीच्या चार बंगल्याच्या गुरुद्वाऱ्यात लंगराच्या पंगतीत बसणाऱ्याला नाव विचारत नाहीत. बोरिवलीची आय. सी. कॉलनी, मालाडचं ऑरलेम अशा ख्रिस्ती वस्त्यांत सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीची माणसं ठरावीक घरांना धान्य देतात. ही संस्था १८३३ मध्ये पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम या विशीतल्या विद्यार्थ्यानं सोबत्यांसह काढली. तिचा नियम आजही तोच: गरजूला बोलावून घ्यायचं नाही, त्याच्या घरी जायचं. घरी गेलं की प्रश्न विचारावे लागत नाहीत. मांडणीवरचे डबे दिसतात.

पण धर्मस्थळाची यादी शेवटी आपल्या माणसांपाशी जास्त रेंगाळते. जातीच्या मंडळांचंही तसंच. ज्याचं मंडळ नाही, देऊळ नाही, गावकीची खोली नाही, त्याच्यासाठी उरतो वाणी. कोपऱ्यावरचा कच्छी किंवा मारवाडी दुकानदार, काउंटरवर ‘आज रोख, उद्या उधार’ची पाटी आणि काउंटरखाली उधारीची लांबट वही. वस्तीची सगळ्यांत अचूक यादी तीच. कुणाचं काम सुटलं, कुणाच्या घरी आजारपण आहे, कुणी डाळ घेणं थांबवून फक्त मीठ-मिरची नेतंय, हे त्या वहीत दिवसागणिक लिहिलेलं असतं.

तुर्कस्तानात या वहीचा उपयोग शेकडो वर्षांपूर्वी ओळखला गेला. ऑटोमन काळापासून तिथं प्रथा आहे: रमजानमध्ये पैसेवाला माणूस आपल्या नव्हे, तर भलत्याच मोहल्ल्यातल्या वाण्याकडे जातो, उधारीची वही मागतो, काही पानांची बेरीज करायला सांगतो, पैसे देतो आणि निघून जातो. कुणाचं कर्ज फेडलं हे त्याला कळत नाही, कुणी फेडलं हे कर्जदाराला कळत नाही. २०२० मध्ये इस्तंबूलच्या महापालिकेनं हीच कल्पना उचलून अनोळखी माणसाचं गॅस-पाण्याचं बिल भरण्याची सोय केली. किटच्या तुलनेत या पद्धतीत टेम्पो नको, गोदाम नको, रांग नको. पैसा वस्तीतल्या दुकानातच फिरतो. त्या घराची पत परत येते, म्हणजे पुढच्या महिन्यात ती बाई वाण्यासमोर मान वर करून उभी राहते. मुंबईतही चांगल्या मनाची माणसं कधीमधी असं करतात, एखाद्या घराचं खातं गुपचूप मिटवून टाकतात. त्याची पद्धत मात्र झालेली नाही. एक अडचण खरी आहे: वाणी प्रामाणिक हवा. पण किट वाटणाराही प्रामाणिक असावाच लागतो, आणि त्याच्यावर तर वस्तीची रोजची नजरही नसते.

उलट बाजूला ब्रिटनसारख्या श्रीमंत देशात फूडबँकेचा माल हवा तर अनेक ठिकाणी डॉक्टर, शाळा किंवा समाजसेवकाची चिठ्ठी लागते आणि साधारण तीन दिवसांचं सामान मिळतं. गरज सिद्ध करून घेण्याची ही तऱ्हा आपल्या रेशन कार्यालयांना चांगलीच ओळखीची वाटेल.

मग सरळ पैसेच का देऊ नयेत? महाराष्ट्रात ते सुरूही झाले. जुलै २०२४ पासून ‘लाडकी बहीण’ योजनेत २१ ते ६५ वयाच्या बाईच्या खात्यात महिन्याला १,५०० रुपये जमा होतात. घरात त्यातून तेल-डाळ येते, हे कुठल्याही वस्तीत कळतं. गंमत उत्पन्नाच्या मर्यादेत आहे. या योजनेला कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न अडीच लाखांपर्यंत चालतं. म्हणजे तीच बाई, तेच घर, तेच सरकार. पैशांसाठी अडीच लाखांपर्यंत गरजू आणि धान्यासाठी ५९ हजारांच्या वर सुखवस्तू. दोन्ही आकडे एकाच मंत्रालयाच्या इमारतीतून निघालेले आहेत.

५९ हजारांचा आकडा वाढवला तरी प्रश्न लगेच सुटत नाही, कारण त्यामागे आणखी एक आकडा आहे. अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा, महाराष्ट्रात तो १ फेब्रुवारी २०१४ ला लागू झाला. त्यात राज्याच्या वाट्याला सुमारे ७ कोटी माणसांचा कोटा आला; त्यात शहरांचा वाटा शहरी लोकसंख्येच्या साधारण ४५ टक्के. कार्यालयीन भाषेत याला ‘इष्टांक’ म्हणतात. इष्टांक भरला की नवं नाव बसवायला जुनं कुणीतरी जावं लागतं: मेलेलं, गाव सोडलेलं किंवा ई-केवायसीत अंगठा न जुळलेलं. रेशनिंग कृती समितीसारख्या संघटना वर्षानुवर्षं मुंबईच्या शिधावाटप कार्यालयांत हेच भांडण भांडत आल्या आहेत. एका घराचं कार्ड लावून देणं म्हणजे त्या घराला दर महिन्याला किट देण्यासारखंच आहे, तेही कायद्यानं. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला, भाडेकराराची झेरॉक्स आणि कामाचा खाडा करून मारलेल्या खेपा लागतात. सुशिक्षित शेजाऱ्याला देता येण्याजोगी ही मदत फारच कमी जण देतात, कदाचित तिचा फोटो निघत नाही म्हणून.

कार्ड लागलं तरी मिळतं ते गहू-तांदूळ. २०२३ पासून ते फुकट आहे, पण माणशी महिन्याला ५ किलो म्हणजे दिवसाला दीडशे ग्रॅमहून थोडं जास्त. डाळ, तेल, साखर बाजारातून. २०२२ च्या दिवाळीत राज्य सरकारनं ‘आनंदाचा शिधा’ आणला होता: रवा, चणाडाळ, साखर किलो-किलो आणि पामतेल एक लिटर, सगळं मिळून १०० रुपयांत. पिशव्या वेळेवर आल्या नाहीत म्हणून ओरड झाली, पिशवीवरच्या फोटोंवरून वाद झाले. तरी करंजी आणि शंकरपाळ्यांपुरता माल आला. पुढे गुढीपाडवा, गणपती, दिवाळी असा तो येत राहिला. २०२५ मध्ये गणपतीत आणि दिवाळीतही तो आला नाही. कारण तिजोरीचं सांगितलं गेलं.

इष्टांक ज्या लोकसंख्येवर बेतला आहे ती २०११ च्या जनगणनेची. तेव्हापासून अंधेरी ते बोरिवली आणि घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यात किती चाळींचे टॉवर झाले आणि किती खोल्यांत नवी माणसं आली, याची मोजदाद त्यात नाही. २०२१ ची जनगणना कोरोनामुळे झालीच नाही. नव्या जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे. त्यानंतर आकडे यायचे, मग कोटा ठरायचा, मग शिधावाटप कार्यालयांत अर्ज निघायचे. तोवरच्या महिन्यांचं सामान कोपऱ्यावरच्या दुकानातूनच जाणार आहे, वहीत लिहून.